ट्रॅक्टरची खांदेमळणी

सोनखडी, १८ जून १९९१

मगन,

आशीर्वाद आहेत. ते द्यायला तू घरात असायलाच पाहिजे असं काही नाही.

तुझं कार्ड पोचलं. आईच्या नावानं आलं, पण तिला वाचता येत नाही, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. सुरतेत काम लागलं, खोली मिळाली, प्रमिलाला जपा. तिघांच्या घरात दोघांची चौकशी! माझ्या नावाला शाई संपली असेल. असू दे.

आखाजीच्या सणाच्या जेवणाचं मी काढणार नव्हतो, पण काढतोच. दोन्ही जावयांसमोर मी एवढंच म्हणालो होतो की माझी बैलजोडी विकून पोरानं हे लोखंड दारात उभं केलं. त्यात खोटं काय होतं? तू ‘मग चालवा तुम्हीच’ म्हणून ट्रॅक्टरची किल्ली माझ्या ताटात फेकलीस, ती नेमकी आमरसाच्या वाटीत पडली. तू पिशवी उचलून गेलास. तुझ्या आईनं ती किल्ली रडत रडत धुतली. तेव्हापासून ती माझ्या करदोऱ्याला बांधली आहे.

तर सांगायचं असं की मी ट्रॅक्टर शिकतो आहे.

हसू नकोस. का शिकतोय ते तुला माहीत आहे. प्रमिलाचे दिवस गणपती विसर्जनाच्या सुमाराला भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. पहिल्या खेपेला तिच्या माहेरी, साक्रीकडच्या डोंगरात जे झालं ते मी कागदावर लिहीत नाही. या खेपेला ती माझ्या दारात आहे. आपल्या गावातून पहूरच्या डांबरी रस्त्यापर्यंत सगळी काळी माती आणि मधे तो नाला. पावसाळ्यात तिथं जीप येत नाही, बैलगाडी आसापर्यंत रुतते. जातो तो एक ट्रॅक्टर. तो दारात आहे आणि चालवणारा सुरतेत. मला रात्रीची झोप नाही.

काल पहिल्यांदा बसलो. किल्ली फिरवली. तो गिअरमधेच होता हे मला काय ठाऊक? तो एकदम उसळून निघाला. मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. दोन्ही हातांनी चाक छातीकडं ओढलं आणि ओरडलो, ‘‘हो! हो! थांब रे माझ्या राजा!’’ प्रमिला ओट्यावरून ओरडत होती, ‘‘आबा, तो बैल नही शे! पाय दाबा, पाय!’’ कुठला पाय, ते कोण सांगणार? ट्रॅक्टर सरळ कडब्याच्या गंजीत घुसला आणि तिथंच बंद पडला. गंजी माझ्या अंगावर. माझी फक्त टोपी दिसत होती म्हणे. शेजारचा हिलाल कुंपणावरून वाकून विचारतो, ‘‘काय आबा, ट्रॅक्टरले चारा टाकू राहिले का?’’

मेल्याला आता गावभर सांगायला झालं.

एक विचारायचं आहे. उजव्या पायाखाली दोन ब्रेक का दिलेत? एक डाव्या बैलाचा आणि एक उजव्या बैलाचा, असं मी समजून चालतो. बरोबर आहे का? उत्तराची मला घाई नाही. पण पाऊस लागायच्या आत लिही.

तोताराम

*

सोनखडी, ५ जुलै १९९१

मगन,

उत्तर आलं नाही. पाऊस आला.

दोन ब्रेकचं पहूरच्या शकील मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, आबा, तुमचं बरोबर आहे. डावा दाबला की डावं चाक धरतं, उजवा दाबला की उजवं. दोन्हींच्या मधे एक आडवी पट्टी असते, ती लावली की दोन्ही एकत्र दबतात. रस्त्यावर पट्टी लावूनच चालवायचं, नाहीतर ट्रॅक्टर एकीकडं फेकला जातो. बघ, न शिकवता कळलं मला. बापाला अगदीच बैल समजू नकोस.

शकील भला माणूस आहे. दर बाजारच्या दिवशी सायकल घेऊन येतो, मला बाजूला बसवून शिकवतो. क्लच जमला. गिअर जमले. थांबणंही बहुतेक वेळा जमतं. पण मागं घेणं मला जमत नाही. शकील म्हणतो, ‘‘आबा, रिव्हर्स सिखो, नही तो एक दिन फसोगे.’’ मी त्याला म्हटलं, अरे बाबा, चाळीस वर्षं औत हाकलं, जुपलेला बैल कधी उलटा चालला आहे का? बैल पुढंच जातो. वळायचं असलं तर वळसा घ्यायचा. मान मागं करून, उलट्या दिशेला चाक फिरवून, पुढं बसून मागं जायचं, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. डोळे फिरतात.

त्यामुळे परवा जरा फजिती झाली. लिहिणार नव्हतो, पण हिलाल तुला लिहीलच, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

वखर लावून शेतात गेलो. शेताच्या कडेला, धुऱ्यापाशी वळायला जागा पुरली नाही. बैलांना जेवढी लागते तेवढीच मी धरली होती. समोर हिलालची कपाशी. मागं घेता येईना. थांबावं तर वाटलं, एकदा बंद पडला तर पुन्हा चालू होईल की नाही. मग गेलो पुढं. हिलालच्या कपाशीतून, पलीकडच्या गाडवाटेनं, शाळेवरून, थेट मारुतीच्या पारापर्यंत. वखर मागं फरफटतोय. पारापाशी बसलेली सगळी मंडळी उठून उभी राहिली. म्हातारा चुडामण तर पारावर चढून बसला. मी पाराला वळसा घातला, सगळ्यांना रामराम केला, आणि आल्या वाटेनं घरी आलो. जणू पारालाच जायचं होतं.

हिलाल संध्याकाळी दारात आला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, ‘‘आबा, माह्या कपाशीतून पुन्हा जायचं असलं तं सांगजा, मी गडी लावून पिकं बाजूले करतो.’’ तुझी आई पदर तोंडात धरून हसत होती. मलाही हसू आलं. मग प्रमिला आतून बाहेर आली, तिच्या पायांना सूज दिसली, आणि हसू गेलं.

ती म्हणते काही होत नाही. बायका असंच म्हणतात.

तोताराम

*

सोनखडी, १ ऑगस्ट १९९१

मगन,

ट्रॅक्टर मेला. मीच मारला.

श्रावण तोंडावर, पावसानं उघडीप दिली म्हणून कोळपायला काढला होता. भर दुपार. तापला होता बिचारा, हात लावू देईना. मला दया आली. बैलांना दुपारी सोडतो, पाणी पाजतो, तसं यालाही द्यावं म्हणून विहिरीवरून बादली आणली. शकीलनं सांगितलं होतं की पुढच्या टोपणात पाणी घालायचं. मी घातलं. ते टोपण डिझेलचं निघालं. मी पूर्ण बादली ओतली रे. वर त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं दोन हिसके दिले आणि गप्प झाला.

मी तिथं बांधावर बसून राहिलो. खरं सांगतो, बैल गेला असता तर एवढं वाटलं नसतं. आभाळ पुन्हा भरून येत होतं. नाल्याला पाणी चढलेलं. मनात एकच हिशेब चालला होता, उद्या पोरीला कळा आल्या तर काय करू.

घरी आलो. प्रमिला ताक घेऊन आली. मी तिला सांगितलं, पोरी, मी तुझा ट्रॅक्टर मारून टाकला. तर ती माझ्याजवळ खाली बसली. तिनं जे सांगितलं ते तिच्याच बोलीत लिहितो. ‘‘आबा, तो ट्रॅक्टर नांगरनासाठे नही लिधा त्यास्नी. मन्हासाठे लिधा.’’

तिच्यासाठी घेतला होतास तू! मग सगळं बोलली. साक्रीच्या वाटेवर बैलगाडीत तिच्या शेजारी तूच बसला होतास. घाटात एक बैल बसला, उठेचना. दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू गेलं होतं. परत येताना तू तिला म्हणालास, पुन्हा तुला मी गाडीत नेणार नाही. आणि घरी येऊन मला म्हणालास, आबा, नांगरटीला बैल पुरत नाहीत, ट्रॅक्टर घेऊ.

नांगरटीला! माझे बैल अख्ख्या शिवाराला पुरले असते! म्हणूनच तर मला तुझं पटत नव्हतं. मी विचारलं प्रमिलाला, हे आजवर का सांगितलं नाही? ती म्हणाली, ‘‘त्यास्नी सांगेल व्हतं, आबास्ले सांगू नको. आबास्ना बैल शेतस, त्यास्ले वाईट वाटी.’’ गाडीचे बैल तिच्या माहेरचे, आणि माझ्या बैलांवर दोष येऊ नये म्हणून तू गप्प बसलास? अरे, एवढी अक्कल होती तर आखाजीला तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होतेस. किल्ली कशाला फेकलीस? मला राग आला आहे. काय करावं ते सुचत नाही इतका आला आहे.

शकीलनं टाकी उतरवली, पाणी काढलं, नळ्या फुंकून साफ केल्या. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझ्या पोटात अन्न नीट गेलं नाही. शेवटी तो सुरू झाला तेव्हा शकील म्हणाला, ‘‘आबा, इसकी प्यास अलग है.’’ मी दोन्ही टोपणांवर रंगानं लिहून घेतलं, एकावर पाणी आणि एकावर तेल.

तुझ्या आईचं म्हणणं आहे की पोळा झाला की प्रमिलाला पहूरला शकीलच्या घरी नेऊन ठेवायचं. त्याची बायको नूरबी म्हणाली, पोर माझ्या लेकीसारखी राहील. दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा. तेवढं झालं की मी सुटलो. पोळ्यापर्यंत देवानं फक्त सांभाळावं.

तुला यायचं तर ये. नाही यायचं तरी ठीक. मी चालवतो आहे.

आबा

*

सोनखडी, ७ सप्टेंबर १९९१, पोळ्याची आदली संध्याकाळ

मगन,

आज खांदेमळणी. दारात बैल नाहीत. गेली कितीतरी वर्षं या वेळेला मी हळद-लोणी घेऊन बैलांच्या खांद्याला लावायचो आणि म्हणायचो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आज हात रिकामे. घरात फिरत होतो नुसता.

मग म्हटलं, वर्षभर ज्यानं ओढलं त्याचा मान त्याला द्यायचा. वाटी घेतली आणि ट्रॅक्टरपाशी गेलो. पण याचा खांदा कुठं? तुझी आई म्हणे पुढच्या तोंडाला लावा. तोंडाला कशाला, जिथं भार येतो तिथं लावायचं असतं. ट्रॉली जोडतात त्या हुकाला लावलं. पण खरा भार तर माझ्या पायाचा, तो पडतो क्लचवर आणि ब्रेकवर. मी सारखा लाथा घालतो त्यांना. म्हणून त्या तिन्ही पायट्यांना दाबून चोळलं लोणी, हळद घालून. आवतण दिलं. प्रमिला दारात उभी राहून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

उद्या याला झूल घालणार. दोन दिव्यांच्या मधे बाशिंग बांधणार. पोळ्याच्या दिवशी कुणाच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही, म्हणून तो उद्या बसून राहील, आणि परवा सकाळी प्रमिलाला पहूरला सोडून येईन. पुढचं पत्र तिथूनच टाकतो.

*

पहूर, ९ सप्टेंबर

वरचं पत्र पुरं करायचं राहिलं. आता दवाखान्यासमोर ट्रॉलीत बसून लिहितो आहे. अक्षर समजून घे.

आधी हे वाच. प्रमिला बरी आहे. मुलगी झाली. रडते आहे, मोठ्यानं रडते आहे, इथवर ऐकू येतं.

काल दुपारी पारावर पोळा भरला होता. सगळ्या गावाचे बैल रंगवून, शिंगांना हिंगुळ लावून उभे. पाऊस सकाळपासून. आपला ट्रॅक्टर दारात बाशिंग बांधून बसलेला, पुढं केळीच्या पानावर पुरणपोळी. मी पाराकडं निघालो तोच तुझी आई ओरडली. कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायचे होते अजून, कुणाला वाटलं होतं?

हिलाल पारावरून पळत आला. म्हणाला, ‘‘आबा, पोया असला तं काय झालं? मी जुपतो बैल.’’ पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायला तयार झाला तो माणूस. मी विसरणार नाही. पण प्रमिलानं खांब धरला आणि म्हणाली, ‘‘माले गाडीमा नही जानं. आबा, ट्रॅक्टर काढा.’’

तिचा चेहरा मी पाहिला. करदोऱ्याची किल्ली सुटेना, गाठ बसलेली. तुझ्या आईनं विळीनं करदोरा कापला.

ट्रॉली कोपऱ्यात. जोडायची तर ट्रॅक्टर मागं घ्यायला पाहिजे. मी नुसता बघत राहिलो. हिलालनं हाक मारली आणि अख्खा पोळा मोडून माणसं आली. चुडामणसुद्धा आला. चिखलातून सगळ्यांनी ट्रॉली ढकलत आणून हुकाला लावली. हुकाला लोणी, दोघांचे हात घसरले. गादी टाकली, वर ताडपत्री. तुझी आई आणि प्रमिला आत, हिलालची बायको मंदाबाई आत. मी बसलो.

मगन, मी भ्यालो होतो रे. एवढा मी जन्मात भ्यालो नाही. मागून तिचा आवाज येत होता. नाल्यात पाणी पुढच्या चाकाच्या निम्म्यावर. मनात म्हटलं, थांबायचं नाही, थांबलास तर संपलं. आणि काय सांगू, तोंडातून माझ्या तेच निघत होतं, चल रे माझ्या राजा, चल माझ्या वाघा, एवढं पार कर, तुझ्या पाया पडतो. तो गेला. हूं की चूं न करता गेला. पलीकडं चढताना मागची चाकं फिरली, मी ओरडलो, आणि तो वर आला. बैल बसला असता. हे माझ्या तोंडानं मी लिहितो आहे.

डांबरी रस्ता लागला तसा जीव भांड्यात पडला. पण घाईत ती आडवी पट्टी लावायची राहिली होती. दवाखाना दिसला. मी ब्रेकवर पाय दिला, आणि पाय सटकला! लोणी! हळद-लोणी, पावसात भिजलेलं, माझ्याच हातानं दाबून चोळलेलं. पुन्हा दिला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा डावा ब्रेक तेवढा सापडला. ट्रॅक्टर डावीकडं वळला आणि दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीला नाक लावून थांबला. चार विटा पडल्या. बाशिंग जागच्या जागी होतं. मी अजून चाक छातीकडं ओढून ‘हो, हो’ म्हणत होतो. तुझी आई म्हणाली, ‘‘अहो, थांबला तो. सोडा आता.’’

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, भिंत पाहिली, ट्रॅक्टरचं बाशिंग पाहिलं, मग ट्रॉलीत पाहिलं आणि काही न विचारता प्रमिलाला आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘वेळेत आणलं तुम्ही. आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं.’’ मी खाली बसलो. सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

आता इथली गोष्ट ऐक. ट्रॅक्टर तसाच भिंतीला नाक लावून उभा आहे. मागं ट्रॉली, बाजूला लिंबाचं झाड. वळसा घ्यायला जागा नाही. मागंच घ्यावा लागणार. येणारे जाणारे बघून हसतात. सकाळी शकील आला, म्हणाला, ‘‘आबा, दो मिनिट का काम है. चाबी दो.’’ मी दिली नाही. तो म्हणाला, आबा, हट्ट करू नका. मी म्हटलं, शकील, तुझे उपकार फार आहेत, पण ही किल्ली ज्यानं फेकली त्यालाच उचलायची आहे. शकीलचा भाऊ अमीन आज दुपारच्या गाडीनं सुरतेला निघाला आहे, त्याच्याच हातून हे पत्र पाठवतो. तो तुझ्या खोलीवर येऊन देईल.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीचं मनावर घेतलं नाही, पण ट्रॅक्टर हलवा म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, पोरगा येतो आहे. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, येतो आहे.

दोन-तीन दिवसांत लेकीला घेऊन घरी जा म्हणतात. प्रमिला बैलगाडीत बसणार नाही. मला मागं घेता येत नाही.

किल्लीला लोणी लागलं होतं. तुझ्या आईनं ती पुन्हा धुतली आहे. माझ्या खिशात आहे. ये.

आबा